चार डबे, एक बटण

सोसायटीच्या जिन्याखाली तीन वस्तू हमखास सापडतात. पहिली, कुणाच्या तरी मुलाची सायकल. मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला तरी ती जागची हललेली नसते. दुसरी, २०१८च्या थर्माकोलबंदीच्या आधीचं मखर, जे वापरताही येत नाही आणि टाकवतही नाही. तिसरी वस्तू हल्लीची. चाकं लावलेला, ओढायला दांडी असलेला, पुढे जाळी आणि जाळीमागे रंगीत दिवे फिरणारा काळा डबा. दुकानदार त्याला ट्रॉली स्पीकर म्हणतो, पोरं पार्टी बॉक्स म्हणतात आणि आमचा वॉचमन ‘तो बाजा’ म्हणतो. वॉचमनचं नाव मला सर्वांत अचूक वाटतं.

या डब्याच्या आधी साउंडवाला नावाचा एक गृहस्थ असे. मांडवाच्या मागे, कनातीच्या आड, अहुजाच्या ॲम्प्लिफायरशेजारी तो स्टूल टाकून बसायचा. भोंगे दोन असोत नाहीतर बारा, सगळ्यांच्या वायरी त्याच्या पायाशी येऊन मिळत. चहा वेळेवर गेला नाही तर अध्यक्षांच्या भाषणात नेमकी खरखर येई. वक्ता लांबला तर तो स्वतःच्या अधिकारात आवाज हळूहळू उतरवत नेई आणि वक्त्याला वाटे, आपला घसा बसला. कित्येक सभा वेळेवर संपल्या त्या या माणसाच्या कृपेने. पण आभारप्रदर्शनात तो कायम ‘तसेच मंडप, लाइट आणि साउंड’ यातच उरकला गेला.

मग सोसायट्यांच्या लक्षात आलं, की साउंडवाल्याच्या दहा दिवसांच्या भाड्यात एक डबा कायमचा विकत मिळतो. डब्यावर दहा हजार वॉट पीएमपीओ असं चांदीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. सोबतच्या ॲडाप्टरवर मुंगीच्या अक्षरांत १५ व्होल्ट, २ अँपिअर असं असतं. गुणाकार केला तर ३० वॉट होतात. उरलेले वॉट श्रद्धेचे. आमच्याकडे आधी ए विंगने डबा घेतला. ए विंगने घेतला म्हणून बी विंगने घेतला, आणि ‘तोच मॉडेल घ्या साहेब, आणखी दोन घेतलेत तर रेट लावून देतो’ असं दुकानदाराने म्हटल्यावर सी आणि डी विंगचाही स्वाभिमान जागा झाला. अशा रीतीने एकाच घाण्यातले चार डबे सोसायटीत दाखल झाले. पार्किंगच्या लांबलचक पट्ट्यात, गणपतीपासून शेवटच्या खांबापर्यंत, ठरावीक अंतरावर ते उभे करायचे आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत आरती पोचवायची, अशी योजना होती. कागदावर ती निर्दोष होती.

प्रत्येक डब्याबरोबर एक रिमोट आला होता. एटीएम कार्डाएवढा, पापडासारखा पातळ, आत बटणासारखा सपाट सेल. त्यातला एक सोफ्याच्या फटीत गेला, एक खोक्याबरोबर रद्दीत गेला आणि एक डी विंगमधल्या धाकट्या सदस्याने तोंडात घालून पाहिला, तो आईने तत्काळ जप्त करून अशा ठिकाणी ठेवला की आता तिलाही सापडत नाही. राहिला एक. आणि त्या एकाने चारही डबे चालतात, हा शोध लागला तेव्हा सेक्रेटरींना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. चार विंगा पहिल्यांदाच एका माणसाचं ऐकत होत्या.

हे कसं होतं ते सांगतो. रिमोटच्या टोकाला एक इवला दिवा असतो. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण मोबाइलचा कॅमेरा समोर धरून बटण दाबलं, की पडद्यावर फिकट जांभळी लुकलुक दिसते. (काही मोबाइलचा मागचा कॅमेरा हा उजेड गाळून टाकतो, मग सेल्फीचा वापरायचा. सेल्फी कॅमेऱ्याचा एवढाच विधायक उपयोग मला ठाऊक आहे.) हा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करत निरोप धाडतो. निरोपात आधी पत्ता असतो आणि मग हुकूम. टीव्हीच्या रिमोटने पंखा फिरत नाही तो या पत्त्यामुळे. पण एकाच साच्यातून निघालेल्या डब्यांना वेगवेगळे पत्ते देत बसायला कारखान्याला वेळ कुठे आहे? कित्येक स्वस्त यंत्रांत पत्त्याच्या जागी सरळ शून्य असतं. पाकिटावर नुसतं ‘रा. पुणे’ लिहावं आणि अख्ख्या पुण्याने ते आपलंच समजून फोडावं, त्यातला प्रकार.

यात बिघडलं काय, असं कुणीही विचारील. चौघांनी ऐकावं हेच तर हवं होतं. बिघडतं ते बटणापाशी. बटणावर एक त्रिकोण असतो आणि त्याला खेटून दोन उभ्या रेघा. आपण त्याचा अर्थ ‘वाज’ असा लावतो. डबा तसा लावत नाही. त्याच्या लेखी त्या बटणाचा अर्थ, ‘आत्ता जे करतोयस त्याच्या उलट कर.’ डबा एकच असेल तर दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. पण समजा, दोन डबे वाजताहेत आणि दोन गप्प आहेत. तुम्ही बटण दाबलं. वाजणारे गप्प झाले, गप्प होते ते वाजू लागले. पुन्हा दाबलं, पुन्हा पहिल्यासारखं. दिवसभर दाबत बसा, वाजणारे दोनाचे तीन होणार नाहीत की दोनाचा एक होणार नाही. डी विंगमध्ये गणिताच्या एक निवृत्त बाई राहतात. त्यांनी पहिल्याच दिवशी खुर्चीवरून न उठता सांगितलं होतं, ‘अहो, हे दाबून सुटणारं नाही. एकाला आधी बाजूला घ्या, त्याला गुपचूप बटण दाबा आणि मग परत आणा.’ पण ज्याच्या हातात रिमोट असतो त्याची श्रद्धा दाबण्यावर असते. तो फक्त जोर वाढवतो.

मुळात चार डब्यांची फारकत होते कशी? कारणं अगदी घरगुती असतात. रिमोटचा निरोप उजेडाच्या वाटेने जातो, आणि वाटेत उजेडाला आडवा येईल असा माणूस प्रत्येक कार्यक्रमात असतो. बी विंगच्या डब्यासमोर भावी नगरसेवकांचा फ्लेक्स उभा होता. शुभेच्छुकांच्या सत्तावीस गोल चेहऱ्यांपैकी एक बरोबर डब्याच्या डोळ्यावर येत होता. सी विंगच्या डब्याच्या तोंडावर संध्याकाळी मावळतीचं ऊन पडायचं. उन्हात तोच अदृश्य उजेड ढीगभर असतो, त्यामुळे रिमोटचा क्षीण आवाज त्या गोंगाटात बुडतो. म्हणजे आरतीच्या सुरुवातीला ए आणि डी हुकूम पाळत, बी आणि सी आपल्याच विचारात. ऊन उतरल्यावर सी कामावर रुजू होई, तेव्हा उरलेल्यांची सुट्टी झालेली असे.

आवाज लहानमोठा करण्याची तऱ्हा आणखी निराळी. बटण दाबून धरलं, की अशा बऱ्याच रिमोटांतून पूर्ण निरोप एकदाच जातो. पुढे नुसतं ‘तेच, तेच, तेच’ असं तुणतुणं. ज्या डब्याने पहिलं वाक्य ऐकलं नाही, त्याला ‘तेच’ म्हणजे काय ते कळत नाही आणि तो ढिम्म राहतो. (सर्वसाधारण सभेत मात्र पहिलं वाक्य न ऐकताही अनुमोदन देता येतं.) त्यामुळे ए विंगच्या डब्याचा आकडा तीसला पोचलेला आणि डी विंगचा अकरावर. डी विंगवाले म्हणत, आम्हाला मुद्दाम कमी देतात. पाण्याच्या टाकीपासूनचा त्यांचा हा जुना आरोप आहे.

आणि मोड नावाचं एक बटण आहे. ते कुणी दाबू नये, म्हणूनच बहुधा ते सगळ्यांत मोठं केलेलं असतं. एकदा दाबलं की पेन ड्राइव्हवरून ब्लूटूथ, पुन्हा दाबलं की रेडिओ, मग वायरीचं कनेक्शन, मग परत पेन ड्राइव्ह. चार डबे चार ठिकाणी असताना हे बटण दाबलं, की चौघे एकेक घर पुढे सरकतात आणि कुणीच कुणाला भेटत नाही. मंत्रपुष्पांजलीच्या वेळी उत्साहाच्या भरात हे बटण दाबलं गेलं. एका डब्यातून मंत्र, दुसऱ्यातून सोनेतारण कर्जाची जाहिरात, तिसऱ्यातून शांतता. चौथ्यातून एक बाई ठणकावून म्हणाल्या, ‘द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टू पेअर.’ मंत्र संपल्यावर सगळ्यांनी त्या बाईंसकट जयजयकार केला.

दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होऊन गेला. विखुरलेल्या टोळ्या त्याने एकत्र आणल्या म्हणून त्याचं नाव या तंत्राला दिलं आहे. त्याने टोळ्या आणल्या असतील. आमच्या डब्यांत ब्लूटूथने फार तर दोन एकत्र येतात. एक मोठा होतो, एक धाकटा, आणि तिसऱ्याला घरात घेत नाहीत. एका वेळी वाटेल तितक्या डब्यांना आवाज पुरवणारं ऑराकास्ट नावाचं नवं ब्लूटूथ २०२२मध्ये जाहीर झालं, पण ते ज्यात आहे त्या डब्याची किंमत ऐकल्यावर खजिनदार काका चालू सभेत उभे राहिले आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

पेन ड्राइव्हचाही एक घोळ सांगितला पाहिजे. चारही पेन ड्राइव्हवर तीच आरत्यांची गाणी होती, तरी चौघे वेगवेगळ्या आरत्या म्हणत. कारण असे डबे बरेचदा गाणी नावाच्या क्रमाने लावत नाहीत, ज्या क्रमाने ती पेन ड्राइव्हवर चढवली गेली त्या क्रमाने लावतात. ए विंगच्या मुलाने गणपतीची आधी चढवली होती आणि बी विंगच्या मुलाने देवीची. घरी ज्या देवाचं प्रस्थ जास्त, तो आधी.

रिमोटचा उजेड निदान भिंतीपाशी थांबतो. डब्याबरोबर येणारा बिनतारी माइक तेवढीही मर्यादा पाळत नाही. चारही माइक एकाच फ्रिक्वेन्सीचे, आणि रेडिओलहरींना भिंतींचं वावडं नसतं. बक्षीस समारंभाच्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या एक काकू सूत्रसंचालनाच्या मधल्या वेळात माइक हातात घेऊनच घरी गेल्या होत्या. पाहुणे ‘तरुणांनी निर्व्यसनी राहावं’ या वाक्यापर्यंत आले आणि चारही डब्यांतून काकूंचा स्वच्छ आवाज आला, ‘अगं, पेढे कमी पडतायत. लहान मुलांना अर्धाच दे, आणि त्या पाहुण्यांचा नारळ गेल्या वर्षीचाच आहे का बघ जरा.’ चारही डबे एकाच वेळी, एकाच आवाजात वाजल्याचा सोसायटीच्या तोवरच्या इतिहासातला तो एकमेव प्रसंग.

दूरवरून हुकूम सोडण्याची माणसाची हौस जुनी आहे. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदातली छोटी बोट बिनतारी चालवून दाखवली. १९५५मध्ये झेनिथ कंपनीने टीव्हीसाठी उजेडाच्या झोतावर चालणारा रिमोट काढला. पण खिडकीतून ऊन आलं, की चॅनल आपोआप बदलायचं. पुढच्याच वर्षी त्यांनी कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजावर चालणारा काढला. त्यात बटण दाबलं की आत एक हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर बसे. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी त्या टीव्हीला कधीकधी हुकूम सुटल्याचा भास होई. आमच्याकडच्या मंगळागौरीत ते यंत्र दहा मिनिटांत वेडं झालं असतं. आपला सार्वजनिक गणेशोत्सव मात्र यापैकी काहीही नसताना सुरू झाला. तो १८९२ साली की १८९३ साली, भाऊसाहेब रंगारींनी की टिळकांनी, हा विषय पुण्यात माइक हातात असताना काढू नये. कुणीही सुरू केलेला असो, रिमोटशिवाय केला.

महाराष्ट्राला रिमोटची खरी थोरवी समजली ती १९९५ साली. युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि या सरकारचा रिमोट कंट्रोल माझ्या हातात आहे, असं बाळासाहेब ठाकरे उघडपणे सांगत. तेव्हापासून आपल्याकडे कुठल्याही समितीत अध्यक्ष कोण याला महत्त्व उरलं नाही. रिमोट कुणाकडे, हा प्रश्न उरला. आमच्या सोसायटीत तो सेक्रेटरींच्या खिशात असे. आरतीला ते सोवळं नेसत आणि सोवळ्याला खिसा नसतो, म्हणून तेवढ्यापुरता तो चेअरमनांकडे जाई. ती दहा मिनिटं चेअरमन अत्यंत ताठ उभे राहत.

या रिमोटची खरी कसोटी लागली ती रात्री दहा वाजता. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि आमचा फॅन्सी ड्रेस त्या सवलतीच्या दिवसात बसत नव्हता. दहाला एक मिनिट असताना दोन डबे वाजत होते, दोन मघाच्या भाषणासाठी थांबवलेले. गेटमधून पोलिसांची जीप आत आली. सेक्रेटरींनी तत्परतेने बटण दाबलं. वाजणारे दोन थांबले. थांबलेले दोन सुरू झाले, आणि ते दोन नेमके ए विंगच्या बाजूचे, आकडा तीसवाले.

हवालदार म्हणाले, ‘साहेब, बंद करायला सांगितलं मी.’

‘बंदच केलंय हो.’

‘मग हे काय वाजतंय?’

‘ते आत्ता चालू झालंय.’

‘कोणी केलं चालू?’

‘मीच. बंद करताना.’

हवालदारांनी रिमोट मागून घेतला आणि सरकारी अंगठ्याने दाबला. आता पहिले दोन वाजू लागले. कुणीतरी शहाणपणाने धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला. काही झालं नाही, कारण पोर्टेबल या गुणाचे पैसे मोजलेले असतात आणि आतली १२ व्होल्टची बॅटरी नुकतीच पूर्ण चार्ज झालेली होती. मुख्य खटका डब्याच्या पाठीला, आणि पाठ भिंतीला. शेवटी डी विंगच्या बाईंनी आपली शाल काढून एका डब्याच्या तोंडावर टाकली आणि म्हणाल्या, ‘आता दाबा.’ मग दुसऱ्यावर टाकली, ‘आता दाबा.’ दहा वाजून चार मिनिटांनी सोसायटी कायद्याच्या कक्षेत आली. हवालदारांनी बाईंना नमस्कार केला. त्या त्यांच्या शाळेतल्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे शिष्टमंडळ गेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, गल्ल्याशेजारून काळ्या इन्सुलेशन टेपचं एक रीळ काढलं आणि काउंटरवर ठेवलं. ‘काका, एकाच रिमोटने चार चालवायचेत ना? मग तिघांना तो दिसता कामा नये.’ पहिल्या डब्याच्या पाठीला आवाज बाहेर काढायचं भोक असतं, त्यातून वायर दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मागच्या तिघांना वायरीच्या मोडवर ठेवायचं, आवाज एकदा हाताने लावायचा आणि मग त्यांच्या डोळ्यांवर टेप मारून टाकायची. रिमोट फक्त पहिल्याला. तो थांबला की वायरीत काही नाही, म्हणजे मागचे आपोआप थांबले. उलट-सुलट करायला त्यांच्यापाशी काही उरतच नाही.

उपाय लागू पडला. मात्र सगळ्या वायरी एका टेबलापाशी आल्या, त्या कुणी पायाने उपटू नये म्हणून टेबलाशी एक मुलगा बसवावा लागला, आणि मुलाला वेळेवर चहा द्यावा लागला. टाळ्यांचा घोळ तेवढा मिटला नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो, म्हणजे पस्तीस मीटरवरच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. वायरीतून शेवटच्या डब्याला मात्र तो तत्क्षणी मिळतो. त्यामुळे मागच्यांना आधी जवळच्या डब्याची झांज ऐकू येते आणि मग गणपतीजवळच्या डब्याची. मोठ्या मैदानांवर मागच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात. आमच्याकडे ए विंगचं म्हणणं, डी विंगवाले आरतीची घाई करतात. डी विंगचं म्हणणं, ए विंगवाले रेंगाळतात.

गणपती गेले, डबे आपापल्या विंगेत गेले, टेप तशीच राहिली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सी विंगच्या वहिनींनी नवा रिमोट आणून डबा काढला. डबा हू की चू करेना. सेल बदलला, रिमोट बदलून आणला. मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी रिमोट डब्यासमोर धरायचा सल्ला दिला आणि शेवटी माणूस पाठवला. त्याने नखाने टेप सोलली, रिपोर्टवर ‘सेन्सरसमोर अडथळा’ असं लिहिलं आणि व्हिजिटचे साडेतीनशे घेऊन गेला. ती पावती वहिनींनी सोसायटीकडे लावली आहे. टेप सोसायटीच्या ठरावाने लावली होती, असं सी विंगचं म्हणणं. ठराव लावण्याचा होता, काढण्याचा नव्हता, असं खजिनदार काकांचं. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत सातव्या क्रमांकावर आहे. आठवा विषय उरलेल्या टेपच्या विल्हेवाटीचा. ती बी विंगमधल्या एका आजोबांनी लेखी अर्ज करून मागितली आहे. सुट्टीत नातू राहायला येतो आणि बातम्यांच्या वेळी टीव्हीचा रिमोट सोडत नाही, एवढंच कारण अर्जात दिलं आहे.